जप्त घर एक, दावेदार सहा: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील एका घराच्या लिलावाचे प्रकरण

रत्नागिरी तालुक्यातील किनाऱ्यालगतचे गाव. गावठाणात पाच गुंठ्यांवर जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर, मागे परसू, सात माड आणि भावकीची सामाईक विहीर. घरमालकाचा मिरकरवाडा बंदराला ट्रॉलर आणि गावात हापूसची थोडी कलमे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत देणी साचत गेली, दोन हंगाम वाईट गेले आणि घरावर जप्ती आली. पुढे त्या एका घरावर गहाणदार बँक, तीन हुकूमनामाधारक (पैसे वसुलीचा न्यायालयाचा निकाल हाती असलेले), एक खरेदीदार आणि एक भाऊ असे सहा जण दावा सांगत न्यायालयात उभे राहिले. सातवी उशिरा आली, तिची गोष्ट पुढे येईलच.

प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. तारखा आणि रकमा हिशेब नीट समजावा म्हणून घेतल्या आहेत. कलमे आणि नियम मात्र आहेत तेच.

कोण कधी आले

२००९ मध्ये दोन भावांत नोंदणीकृत वाटणीपत्र झाले आणि घर धाकट्याच्या, म्हणजे आपल्या ऋणकोच्या (कर्जदार घरमालकाच्या) वाट्याला आले. एप्रिल २०१८ मध्ये त्याने एका सहकारी बँकेला नोंदणीकृत गहाणखत करून दिले. बँकेने तारणाची नोंद केंद्रीय तारण नोंदवहीत, म्हणजे सेरसाईवर, वेळेत केली. ही छोटीशी नोंद वेळ आली तर फार कामाला येते.

ट्रॉलरला डिझेल पुरवणाऱ्याने पैशासाठी कनिष्ठ स्तर न्यायालयात दावा लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये निकालापूर्वीच घरावर जप्ती मिळवली. त्याचा हुकूमनामा फेब्रुवारी २०२२ चा. मासळी दलालाने आगाऊ दिलेल्या रकमेसाठी वरिष्ठ स्तर न्यायालयात दावा केला. हुकूमनामा नोव्हेंबर २०२२ चा, जप्ती मार्च २०२३ ची. पतसंस्थेने सहकार न्यायालयातून निवाडा घेतला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वरिष्ठ स्तर न्यायालयात दरखास्त, म्हणजे निकालाप्रमाणे वसुली करून देण्याचा अर्ज, दाखल केली.

ऋणकोच्या मेहुण्याकडे डिसेंबर २०२० चे नोटरीपुढे केलेले साठेखत (विक्रीचा करार) होते आणि जून २०२१ चे नोंदणीकृत खरेदीखत. म्हणजे साठेखत जप्तीच्या एक महिना आधीचे आणि खरेदीखत जप्तीनंतर पाच महिन्यांचे. प्रकरणातली खरी गाठ इथेच आहे.

निकालापूर्वीची जप्ती टिकली कशी

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खालची जप्ती मागताना बहुतेक वकील ‘प्रतिवादी मालमत्ता विकण्याच्या बेतात आहे’ एवढे एक वाक्य प्रतिज्ञापत्रात घालतात. ते पुरत नाही. हुकूमनामा वसूल होऊ नये या हेतूनेच विक्री चालली आहे हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स (२००८) मध्ये बजावले आहे की बिनतारणी कर्जाचे तारणी कर्ज करून घेण्यासाठी हा नियम नाही. शिवाय प्रतिवादीला तारण देण्याची किंवा कारण दाखवण्याची संधी न देता काढलेला जप्तीचा आदेश उपनियम ४ प्रमाणे निरर्थकच ठरतो.

डिझेल पुरवठादाराने, ऋणकोने घर विकायला काढल्याचा घरांच्या दलालाचा मोबाइल संदेश, ट्रॉलर दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी दिलेल्या अर्जाची प्रत आणि न वटलेले दोन धनादेश जोडले होते. आधी कारणे दाखवा नोटीस निघाली, ऋणको हजर झाला, तारण दिले नाही, मग जप्ती कायम झाली. तीन वर्षांनी मेहुण्याच्या वकिलाने ही जप्तीच बेकायदा म्हणून हल्ला चढवला तेव्हा या क्रमाने ती वाचवली. आदेश ३८ नियम ११ मुळे हुकूमनाम्यानंतर पुन्हा जप्ती करावी लागली नाही.

बेलिफाच्या कामाचीही इथे नोंद घेतली पाहिजे. आदेश २१ नियम ५४ प्रमाणे घरावर आणि न्यायालयाच्या फलकावर प्रत लावणे, दवंडी पिटणे, आणि गावातली मालमत्ता असेल तर ग्रामपंचायत कार्यालयातही प्रत लावणे आवश्यक असते. कोकणात गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा असेसमेंट उतारा तेवढा असतो, आणि त्यावरचा घरक्रमांक फेर आकारणीत बदललेला असतो. या घराचा क्रमांकही बदलला होता. पंचनाम्यात नवा क्रमांक, जुना क्रमांक, चतुःसीमा आणि वाटणीपत्राचा दस्त क्रमांक असे चारही लिहिले म्हणून ‘जप्त झाले ते घर हे नव्हेच’ हा नेहमीचा आक्षेप उभाच राहिला नाही.

दोन न्यायालये, लिलाव कोणाचा

एकाच मालमत्तेवर दोन न्यायालयांची जप्ती असेल तर संहितेच्या कलम ६३ प्रमाणे वरच्या दर्जाचे न्यायालय ती विकते आणि तिच्यावरील दाव्यांचा निर्णय करते. दर्जा सारखा असेल तर ज्याची जप्ती आधीची ते. इथे जप्ती आधीची कनिष्ठ स्तराची, पण दर्जा वरचा वरिष्ठ स्तराचा. त्यामुळे लिलाव वरिष्ठ स्तर न्यायालयात गेला.

डिझेल पुरवठादाराची दरखास्त एप्रिल २०२२ पासून कनिष्ठ स्तर न्यायालयातच होती. ‘जप्ती आपली आहे, पैसे येतील तेव्हा आपल्यालाही मिळतील’ असे समजून तिथेच थांबणे धोक्याचे असते. कलम ७३ खाली, म्हणजे विक्रीचे पैसे धनकोंत येण्याच्या प्रमाणात वाटण्याच्या तरतुदीखाली, वाटणी मागणाऱ्याने ज्या न्यायालयाच्या हाती पैसे येणार तिथे अर्ज केलेला असला पाहिजे. कलम ६३ मुळे वेगळ्या अर्जाची गरज नाही असा युक्तिवाद करता येतो, पण युक्तिवादावर पाच लाख रुपये का टांगायचे? त्याने कलम ३९ खाली हुकूमनामा वरिष्ठ स्तराकडे पाठवून घेतला. त्यासाठी हुकूमनाम्याची प्रत आणि ‘वसुली झालेली नाही’ असा दाखला मूळ न्यायालयाकडून जावा लागतो. हा दाखला दप्तरात महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. लिलावाचा जाहीरनामा निघण्याच्या किमान सहा महिने आधी हे काम हातात घ्यावे.

पतसंस्थांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला हा जमीन महसुलाच्या थकबाकीसारख्या वसुलीचा मार्ग आहे. तो घेऊन दिवाणी न्यायालयात कलम ७३ चा वाटा मागितला की ‘हा हुकूमनामा नव्हे’ ही हरकत आलीच म्हणून समजा. कलम ९१ खालचा निवाडा मात्र कलम ९८ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. या पतसंस्थेने दुसरी वाट धरली. वेळ जास्त गेला, वाटा पक्का झाला.

मेहुण्याचा दावा

जाहीरनाम्याचे कच्चे टिपण झाल्यावर मेहुण्याने आदेश २१ नियम ५८ खाली हरकत घेतली. वेगळा दावा लावता येत नाही. मालकीसकट सगळे प्रश्न याच अर्जात निकालात निघतात आणि त्या आदेशावर हुकूमनाम्यासारखे अपील होते. मालमत्ता विकली गेल्यानंतर किंवा मुद्दाम उशीर करून आलेली हरकत न्यायालय घेत नाही.

त्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा वन्नारक्कल श्रीधरन निवाडा होता. जप्तीआधीच्या कराराला अनुसरून जप्तीनंतर खरेदीखत झाले तरी खरेदीदार वरचढ, असा त्याचा अर्थ. हा निवाडा आजही अनेक अर्जांत जसाच्या तसा उतरवलेला दिसतो. पण २००२ मध्ये संहितेच्या कलम ६४ ला उपकलम २ जोडले गेले. आता संरक्षण त्याच हस्तांतराला आहे, ज्याचा करार जप्तीपूर्वी झालेला आणि नोंदणीही झालेला होता. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मेहुण्याचे साठेखत नोंदलेले नव्हते, म्हणून जून २०२१ चे खरेदीखत जप्तीखालच्या दाव्यांपुरते शून्य ठरले. पैसे रोख दिल्याचे सांगितले होते, मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत कागद घेतल्याची तारीख जुळत नव्हती. पण बनावटपणाच्या वादात न्यायालयाला शिरावेच लागले नाही.

उलट खरेदीखतच जप्तीआधी सही झालेले असते आणि नोंदणी जप्तीनंतर झाली असती, तर चित्र वेगळे होते. हमदा अम्माळ (१९९१) प्रमाणे असे खरेदीखत निकालापूर्वीच्या जप्तीवर मात करते, कारण नोंदणी झाली की दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो.

आता लक्षात घेण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मासळी दलालाची जप्ती मार्च २०२३ ची. त्या दिवशी घर कागदोपत्री मेहुण्याचे झालेले होते. दलाल एकटा असता तर त्याच्या हाती काहीच नव्हते. कर्ज बुडवण्यासाठी केलेले हस्तांतर म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली नवा दावा लावावा लागला असता. तो वाचला तो डिझेल पुरवठादाराच्या जानेवारी २०२१ च्या जप्तीच्या आडोशाने. कलम ६४ चे स्पष्टीकरण सांगते की जप्तीखालच्या दाव्यांत प्रमाणशीर वाटपाचे दावेही येतात. पहिल्या जप्तीने जप्ती करणाऱ्याला पैशाचा अग्रहक्क मिळत नाही, ही समजूत कोकणातल्या व्यापाऱ्यांत अजून रुजलेली नाही. पण त्या जप्तीने सगळ्यांसाठी घर धरून ठेवले जाते.

त्यातून धोकाही निघतो. ऋणकोने गुपचूप डिझेलवाल्याचे पैसे भागवले असते आणि आदेश २१ नियम ५५ प्रमाणे त्याची जप्ती उठली असती, तर दलाल आणि पतसंस्था दोघे उघड्यावर पडले असते. तसा प्रस्ताव आलाही होता. म्हणून दलालाच्या वकिलाने जाहीरनाम्यात २०२१ च्या जप्तीचा उल्लेख आग्रहाने करवून घेतला आणि विक्री त्या जप्तीखाली होत असल्याचे न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंदवले.

ऋणकोचा आणि भावाचा आक्षेप

संहितेचे कलम ६०(१)(ग) पाहावे: शेतकरी, मजूर किंवा घरगड्याचे स्वतः राहते घर जप्तीतून सुटते. ऋणकोने कलमांच्या बागेचा सात-बारा पुढे करून ‘मी शेतकरी’ म्हटले. सात-बाऱ्यावर नाव असणे आणि शेतीवर उपजीविका असणे वेगळे. सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर होते. ट्रॉलरचे डिझेल कोटे, मासळीच्या पट्ट्या आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र पाहता मुख्य उत्पन्न समुद्रातले निघाले. आक्षेप फेटाळला. मान्य झाला असता तर तिन्ही हुकूमनामाधारक बाहेर पडले असते. बँकेला मात्र फरक पडला नसता, कारण स्वखुशीने गहाण टाकलेल्या घराला ही सूट आड येत नाही.

मुंबईकर भावाने निम्मे घर मागितले. २००९ चे नोंदणीकृत वाटणीपत्र पुढे आले आणि तो मुद्दा संपला. त्याच वाटणीपत्रात विहीर आणि पाणंद सामाईक ठेवलेली होती, ते जाहीरनाम्यात आले नव्हते. आदेश २१ च्या नियम ६६ प्रमाणे खरेदीदाराला माहीत असायला हवे ते सगळे जाहीरनाम्यात हवे. दुरुस्ती झाली, भावाने हरकत मागे घेतली. ही दुरुस्ती राहिली असती तर पुढे नियम ९० खाली विक्री रद्द करण्याला ते आयते कारण झाले असते.

वाटणीपत्र नसते तर? मग ऋणकोचा अविभक्त हिस्साच विकला गेला असता. अशा हिस्स्याच्या खरेदीदाराला राहत्या घरात सहभोगाचा ताबा मिळत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात विभाजन अधिनियमाच्या कलम ४ ने घरचे लोक तो हिस्सा मूल्यांकनाने विकत घेऊ शकतात. सामाईक घरांना कमी बोली येते ती यामुळे. कर्ज देणाऱ्याने असेसमेंट उताऱ्यावर विसंबू नये. तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही.

बँकेची संमती

सहकारी बँकांना सरफेसी कायदा (तारण न्यायालयात न जाता विकू देणारा) लागू आहे हे घटनापीठाने ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले प्रकरणात स्पष्ट केले. बँकेने ६० दिवसांची कलम १३(२) ची नोटीस दिलीही होती. ती स्वतःच्या वाटेने घर विकू शकली असती. २०१८ चे गहाण नंतरच्या जप्तीने बाधित होत नाही. न्यायालयाने घर गहाणासह विकले असते तर बोली लावणाऱ्याच्या डोक्यावर एकवीस लाखांचा बोजा राहिला असता आणि सावध माणूस फिरकला नसता.

कलम ७३ च्या परंतुकात तिसरा मार्ग आहे: गहाणदाराची संमती असेल तर घर गहाणमुक्त विकायचे आणि त्याचा हक्क विक्रीच्या रकमेवर बसवायचा. जाहीरनामा तयारच होता, म्हणून बँकेने लेखी संमती दिली. तिच्या अटी घालाव्यात तशाच होत्या: पैसे मिळेपर्यंतचे दररोजचे व्याज दाखवणारे विवरण मान्य व्हावे, रक्कम जमा झाल्यावरच मूळ कागद सोडायचे, आणि त्यानंतर सेरसाईवर बोजा कमी करायचा. ज्या प्रकरणात जाहीरनामा निघायला वेळ असेल, तिथे बँकेने आपला मार्ग सोडू नये.

सरकारी देणे या घरावर नव्हते, फक्त १४,००० रुपये घरपट्टी होती आणि ती खरेदीदाराने भरायची असे जाहीरनाम्यात लिहिले. राज्याचा कर थकलेला असता तर सेरसाईची नोंद कामी आली असती: सरफेसीच्या कलम २६ई खाली नोंदणीकृत तारणधारक आधी येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. बिनतारणी धनकोंपुढे मात्र महसूल संहितेचे कलम १६९ सरकारला पुढे बसवते.

लिलाव आणि पैसे

जाहीरनाम्याची प्रत न्यायालयात लावल्यापासून किमान १५ दिवस जावे लागतात. लिलाव १२ फेब्रुवारी २०२४ ला झाला. मासळी दलालाने नियम ७२ खाली बोलीची परवानगी घेतली होती, पण आपले येणे बोलीतून वळते करू द्यावे ही त्याची विनंती नाकारली; वळतेपणा कलम ७३ च्या अधीन असतो आणि इतर वाटेकरी उभे असताना तो संपूर्ण रकमेचा होऊ शकत नाही. बोली तिऱ्हाइताची, ३८,००,००० रुपयांची उतरली.

नियम ८४ प्रमाणे २५ टक्के, ९,५०,००० रुपये, जागच्या जागी भरले. उरलेले २८,५०,००० नियम ८५ प्रमाणे पंधराव्या दिवशी न्यायालय बंद होण्याआधी हवे होते. २६ फेब्रुवारीला आले. ही मुदत न्यायालयही वाढवू शकत नाही. मणिलाल मोहनलाल (१९५४) पासून कायदा पक्का आहे, चुकले की विक्रीच उरत नाही.

आता ती सातवी. बर्फ कारखान्याच्या मालकिणीचा २,१०,००० रुपयांचा हुकूमनामा सप्टेंबर २०२३ चा होता. तिने दरखास्त ४ मार्चला दाखल केली. पैसे न्यायालयात आल्यानंतर आलेल्या अर्जाला कलम ७३ मध्ये जागा नाही. पैसे नेमके कधी ‘आले’, २५ टक्क्यांच्या दिवशी की पूर्ण रकमेच्या, यावर वाद होतात. शहाणा धनको बोलीच्या दिवसाआधी अर्ज देतो. हिच्या बाबतीत वादालाही जागा नव्हती.

विक्री खर्च ४०,००० रुपये आधी वजा झाला. उरले ३७,६०,०००. बँकेचे त्या दिवसापर्यंतचे २१,६०,००० गेले. राहिले १६,००,०००. तिघांचे व्याजासह येणे: डिझेल ५,४०,०००, दलाल ११,२०,०००, पतसंस्था ७,४०,०००, एकूण २४,००,०००. रुपयाला साधारण ६७ पैसे. डिझेल पुरवठादाराला ३,६०,०००, दलालाला ७,४६,६६७, पतसंस्थेला ४,९३,३३३. जप्ती सर्वांत आधीची असूनही डिझेलवाल्याचा दर इतरांइतकाच. बर्फवालीने तीन आठवडे आधी अर्ज दिला असता तर तिला सुमारे १,२८,७३६ रुपये मिळाले असते.

वाटप लगेच होत नाही. ऋणकोला किंवा घरात हितसंबंध असलेल्या माणसाला नियम ८९ खाली ६० दिवसांत खरेदीदारासाठी ५ टक्के, इथे १,९०,०००, आणि जाहीरनाम्यातली येणे रक्कम भरून विक्री मोडता येते. मेहुण्याने विचारणा केली, पैसे भरले नाहीत. ऋणकोचा नियम ९० चा अर्ज ‘किंमत कमी आली’ एवढ्याच कारणावर होता. गंभीर अनियमितता आणि तिच्यामुळे झालेले मोठे नुकसान, दोन्ही दाखवावी लागतात. तो फेटाळून २२ एप्रिलला विक्री कायम झाली.

चुकीचे वाटप झाले असे कोणाला वाटले तर कलम ७३(२) खाली, ज्याला पैसे मिळाले त्याच्याविरुद्ध परताव्याचा दावा लावता येतो. इथे कोणी लावला नाही. घराचा ताबा ऋणकोने सोडला नाही, म्हणून खरेदीदाराने विक्री दाखला जोडून नियम ९५ खाली अर्ज दिला. त्याला विक्री कायम झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. तिघा हुकूमनामाधारकांचे मिळून ८,००,००० रुपये बाकी आहेत. हुकूमनामे त्यांच्या तारखेपासून १२ वर्षे चालतात, बर्फवालीचाही चालतो, आणि ट्रॉलर अजून ऋणकोच्याच नावावर आहे. त्यावरची दरखास्त या वेळी चौघांनी एकाच न्यायालयात, एकाच आठवड्यात दाखल केली.